रिकाम्या पोटाचा कॅमेरा

मित्रांनो, अकरा वर्षं माझ्या पोटात काहीही नव्हतं, आणि तरीही त्या अकरा वर्षांत हजारो माणसं माझ्याकडे बघून हसली. ते सगळं हसू कुठे गेलं हे मला अजून सांगता येत नाही. ते आठवलं की आजही आतल्या आत स्प्रिंग आवळल्यासारखं होतं.

मी एक जुना कॅमेरा. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. माझ्या पोटात काळ्या रेशमाचा, रबराचा हात दिलेला एक पडदा आहे. खटका दाबला की तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता सरकतो, तेवढाच उजेड आत येतो आणि फिल्मवर चित्र उमटतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे. माझ्या उजव्या खांद्यावर एक दांडी आहे आणि डाव्या खांद्यावर एक छोटी गोल चकती. आत फिल्म असली की दांडी ओढताना चकती आपोआप फिरते. आत काही नसेल तर ती जागची हलत नाही. माझं खरंखोटं ओळखायची ती एकच खूण.

माझे पहिले मालक लंडनजवळच्या क्रॉयडनचे लव्हेट नावाचे फोटोग्राफर. लग्नं, बारशी, शाळांचे वर्ग, नगरपालिकेची बक्षिसं, सगळं आम्ही दोघांनी पाहिलं. लव्हेटसाहेब रोज सकाळी मऊ कुंच्याने माझी काच झटकायचे आणि म्हणायचे, "या पठ्ठ्याने मला अजून दगा दिलेला नाही." ते गेले, त्यांच्या मुलीने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात दिलं, आणि तिथल्या काचेमागे मी दोन उन्हाळे तापत बसलो.

तिथून मला नेलं ऑब्री पिलिंग यांनी. पन्नाशीचा, सडसडीत, कायम कुठेतरी जायला निघाल्यासारखा दिसणारा माणूस. गॅसच्या कचेरीत कारकून होता. ती शाखा बंद झाली आणि त्याला मुदतीआधीच घरी बसवलं. घर म्हणजे एक खोली. सकाळ कशीतरी जायची, पण पाच वाजले की त्याचे पाय खोलीत ठरत नसत. संध्याकाळ घालवायला काहीतरी छंद हवा म्हणून त्याने मला घेतलं. फिल्म उद्या घेऊ म्हणाला.

तो उद्या कधी आलाच नाही. दुकानातून निघाला तोच पाऊस आला आणि तो एका चित्रांच्या दालनाच्या ओसरीत शिरला. दारातल्या मुलीने त्याच्या गळ्यातलं माझं वजनदार धूड पाहिलं.

"पेपरवाले ना? या, आत या, भाषणं सुरू झालीसुद्धा."

तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तोवर तिने त्याच्या हातात पेला दिला. त्याचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं. गळ्यात लटकणाऱ्या कॅमेऱ्याला माणसाची छाती आतून ऐकू येते, मित्रांनो. बाहेरून मात्र तो नुसता हसला.

आत त्याला डोरीन फिच भेटली. जांभळी टोपी, हातात एवढी मोठी पिशवी, आणि ताटाच्या वाटेवर नेमकी उभी.

"नवा दिसतोस. कुठल्या पेपरचा?" तिने विचारलं.

"मी... खरं तर कुठल्याच नाही."

"मग हळू बोल ना, मेल्या! मीही नाही." तिने त्याच्या हातावर काकडीची दोन सँडविच ठेवली. "आपल्यासारख्यांना लिगर म्हणतात. बोलावलेलं नसतं, पण आपल्यावाचून यांची ताटं संपत नाहीत."

"कुणी विचारलं तर?"

"विचारणार कोण? अरे, इंग्रज माणूस 'आपण कोण' असं विचारेल का कधी? विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल केलं. त्यापेक्षा तो जीव देईल. आणि ऐक, त्या यंत्रात फिल्म घालू नकोस."

"का?"

"फिल्म घातली की फोटो निघतात. फोटो निघाले की लोक मागतात. मागितले की पत्ता आला, नाव आलं, सगळंच आलं. नुसता उजेड पाड. लोकांना उजेड पुरतो."

त्याने तेच केलं. एक बॅटरीवरचा फ्लॅश घेतला आणि माझ्या डोक्यावर चढवला. त्या दिवसापासून आम्ही रोज कुठेतरी होतो. पुस्तकांची प्रकाशनं, नव्या साबणाची जाहिरात, चपलांच्या दुकानाचं उद्घाटन, रेकॉर्ड कंपन्यांच्या मेजवान्या. ऑब्री एका ठिकाणी वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकत नसे. तोंडात घास, एक डोळा ताटावर, एक दारावर. "इकडे बघा, छान!" मग लख्ख उजेड, मग दुसरा कोपरा. कोणी हौसेने विचारलंच की कुठे छापून येणार, तर तो म्हणायचा, "ते संपादकांच्या हातात."

आणि मी? खटका दाबला की माझा पडदा उघडायचा, समोरचं सगळं उलटं होऊन माझ्या पाठीच्या काळ्या पट्टीवर पडायचं. नवरीमुलींसारखे नटलेले लेखक, त्यांच्या बायका, घामेजलेले प्रकाशक. सेकंदाचा पन्नासावा भाग. मग पडदा मिटायचा आणि काही नाही. तहानलेल्याच्या ओठाला पाणी लावून काढून घ्यावं, तसं रोज तीस-चाळीस वेळा. लव्हेटसाहेबांनंतर माझ्या काचेला कुंचा लागला नव्हता. तुपकट बोटांचे ठसे मात्र लागले होते.

ऑब्रीने काही चोरलं नाही, कुणाशी उद्धट वागला नाही. उलट सगळ्यांना तो आवडायचा. आणि घोटाळा झाला तो याच्यामुळेच.

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात एक लहानसं प्रकाशनगृह होतं. तिथली फिलिपा नावाची मुलगी समारंभांची व्यवस्था पाहायची. ऑब्री तिथे इतकी वर्षं येत होता की तो कुणाचा, हे विचारण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. एके दिवशी तिने लाजतच त्याचा पत्ता मागितला. आठवड्याने खोलीवर छापील निमंत्रण आलं: श्री. ऑब्री पिलिंग यांस. त्याने ते आरशाच्या चौकटीत खोचलं आणि तीनदा काढून वाचलं.

त्याला ठाऊक नव्हतं की फिलिपाने त्या समारंभासाठी नेहमीच्या फोटोग्राफरला कळवलंच नव्हतं. "मिस्टर पिलिंग येतीलच की. दोन-दोन कशाला?" असं ती म्हणाली होती. हे आम्हाला तिथे गेल्यावर तिच्याच तोंडून कळलं. अगदी आनंदाने सांगितलं तिने. ऑब्रीने हातातला पेला खाली ठेवला.

समारंभ मिस विनिफ्रेड हॅडो यांचा होता. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. खेड्यांतल्या दफनभूमींमध्ये थडग्यांच्या दगडांवर जी दगडफुलं वाढतात, ती त्यांनी चाळीस वर्षं मोजली होती. तेच दगड, तीच मोजपट्टी, वर्षाला एखादा मिलिमीटर. त्यांचं हे पहिलं पुस्तक, आणि बहुधा शेवटचं. खोलीत तीसएक माणसं होती, दोन ताटं सँडविच.

ऑब्रीने सवयीने पेपरवाल्यासारखा प्रश्न टाकला, "दगडफूल म्हणजे नेमकं काय हो, मिस हॅडो?"

"दोन जीव एका घरात राहतात," बाई म्हणाल्या. "एक बुरशी, एक शेवाळ. शेवाळ स्वयंपाक करतं, बुरशी खाते. काही लोक म्हणतात बुरशी फुकटी आहे. मी चाळीस वर्षं पाहतेय, मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवाळ तिच्यावाचून त्या दगडावर टिकत नाही एवढं खरं." मग त्या जवळ आल्या. "मला तुमच्याकडून एकच हवंय. हा माझा भाऊ, टेड. कॅनडाहून आलाय, सत्तावीस वर्षांनी."

टेड ओव्हरकोट घालूनच उभा होता. उंच, वाकलेला, नाक लाल.

"आमच्या दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून घरात फोटो हाच काढायचा. त्यामुळे हा कधी फोटोत नाहीच."

"विनी, मी फोटोत नसलो की फोटो चांगला येतो," टेड म्हणाला.

"गप रे. उद्या पुन्हा विमानात बसशील आणि मी परत पत्रांशी बोलत बसेन. ये इकडे."

दोघं खिडकीजवळ उभे राहिले. बाईंनी त्याच्या दंडाला धरलं, जरा घट्टच. ऑब्रीने मला डोळ्याला लावलं. एक उजेड, दांडी ओढली, दुसरा उजेड, दांडी ओढली, तिसरा. बहीण-भाऊ तीनदा माझ्या आत उलटे होऊन उतरले आणि तीनदा विझले.

तेव्हा मी एक पाहिलं, जे ऑब्रीने पाहिलं नाही. टेडची नजर माझ्या डाव्या खांद्यावर थांबली होती. चकतीवर. त्याचा हात ओव्हरकोटाच्या खिशात गेला, काही क्षण तिथेच राहिला आणि रिकामाच बाहेर आला. मग तो ऑब्रीकडे येऊन सावकाश म्हणाला, "छान यंत्र आहे तुमचं. आतून-बाहेरून नीट जपा."

"हो, हो. नक्कीच," ऑब्री म्हणाला आणि दाराकडे वळला. त्या दिवशी त्याने एकही सँडविच खाल्लं नाही. तिथून घरापर्यंत चालत गेला. वाटेत औषधांच्या दुकानाच्या काचेत (तिकडे फिल्मही तिथेच मिळते) फिल्मच्या पिवळ्या डब्या रचलेल्या होत्या. तो थांबला. दुकान बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते उघडं होतं, तेव्हाही तो थांबला आणि पुढे गेला.

फेब्रुवारीत, फिलिपाकडून पत्ता घेऊन, बाईंचं पत्र आलं. सुबक, बारीक अक्षर. टेड जानेवारीत वारला होता, झोपेत, कॅनडातल्या घरी. "तुम्ही त्या दिवशी काढलेल्या तीनपैकी कोणताही एक फोटो चालेल," त्यांनी लिहिलं होतं. "धूसर असला तरी हरकत नाही. छापण्याचा खर्च मी देईन."

ऑब्रीने ते पत्र आठ दिवस खिशात वागवलं. त्या आठ दिवसांत आम्ही अकरा समारंभांना गेलो, आणि एकातही तो दहा मिनिटं उभा राहू शकला नाही. उत्तरं लिहायचा आणि फाडायचा. एकात फिल्म पाण्यात पडली होती, एकात ती बसमध्ये विसरली होती.

"अरे, एवढं काय त्यात?" डोरीन म्हणाली. एका नव्या बिस्किटाचं उद्घाटन होतं, तिची पिशवी अर्धी भरली होती. "लिही की फिल्म धुणाऱ्याकडे खराब झाली. रोज कुणाची ना कुणाची होतेच."

"तिने लिहिलंय, धूसर चालेल म्हणून."

"मग?"

"मग काय, डोरीन? माझ्याकडे धूसरसुद्धा नाही."

डोरीनने पिशवीतून एक बिस्किट काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने मान हलवली.

शनिवारी तो मला गळ्यात घालून आगगाडीत बसला आणि डॉर्किंगला उतरला. मला का घेतलं कोण जाणे. कदाचित माझ्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायची त्याला सवयच उरली नव्हती. बाईंचं घर छोटं, नीटनेटकं. टेबलावर पांढरं कापड, चहाचे दोन कप, शहाजिरं घातलेला केक.

"बसा. फोटो आणलेत?"

तो बसला नाही. "मिस हॅडो, फोटो नाहीत. खराब झाले नाहीत, हरवले नाहीत. ते कधी नव्हतेच. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. मी कुठल्याच पेपरचा नाही. मी समारंभांना खायला जातो. आणि... संध्याकाळी खोलीत बसवत नाही म्हणून."

बाईंनी टेबलावरचं कापड सारखं केलं.

"म्हणजे टेडचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"टेड?"

"पायऱ्या उतरताना म्हणाला मला. 'विनी, त्या बाबाची चकती फिरत नव्हती.' मी म्हटलं, तुझे डोळे म्हातारे झालेत. तो चुकला असेल अशी आशा होती, म्हणून तर पत्र लिहिलं." त्या उठल्या, कपाटाचा खण उघडला आणि एक पिवळी डबी टेबलावर ठेवली. "त्याच्या लेकीने त्याचा ओव्हरकोट पाठवला मला. खिशात हे होतं. त्याच दिवशी दुपारी घेतलं होतं त्याने, मी बरोबर होते. त्याचा कॅमेरा हॉटेलात राहिला होता, पण हे खिशात होतं. तुमच्या यंत्रात बसलं असतं."

ऑब्रीने डबी उचलली आणि परत ठेवली.

"मग ते बोलले का नाहीत?"

"भर समारंभात परक्या माणसाला ओशाळं कसं करायचं?" बाईंच्या आवाजाला धार आली होती, ती त्याच्यावर होती की भावावर की स्वतःवर, हे मला कळलं नाही. "मलाही पायऱ्यांवरून परत वर येता आलं असतं. नाही आले. तुम्ही लबाड, मिस्टर पिलिंग, आणि आम्ही सभ्य. फोटो कुणालाच मिळाला नाही."

तो दाराकडे वळला.

"कुठे निघालात?"

"जातो मी. मला इथे..."

"बसा. तो केक तुमच्यासाठी केलाय."

त्याच्या छातीवरून मी सांगतो, मित्रांनो, इतक्या वर्षांत ती कधी अशी थांबली नव्हती. त्याच्यासाठी. खास त्याच्यासाठी. तो बसला, तुकडा हातात घेतला, पण घास तोंडाकडे जाईना. दहा-दहा मेजवान्या एका आठवड्यात उडवणारा माणूस, शहाजिऱ्याच्या केकचा एक तुकडा त्याला गिळवेना.

"तोवर ही फिल्म घाला," बाई म्हणाल्या.

"मला घालता येत नाही. कधी घातलीच नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "द्या इकडे." त्यांनी डबीतला कागद उलगडला, भिंग लावून ओळ न ओळ वाचला. मग माझी पाठ उघडली. अकरा वर्षांनी माझ्या पोटात दिवसाचा उजेड पडला. पाठीच्या कडेच्या फटीत बिस्किटाचा भुगा होता; त्यांनी तो कापडाच्या टोकाने टिपला. चाळीस वर्षं दगडावर मिलिमीटर मोजलेले हात ते; फिल्मची जीभ खाचेत अडकवताना जराही घाई नाही. पाठ बंद. दांडी ओढली.

माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी करकरलं आणि हललं.

"फिरली," बाई म्हणाल्या. एवढंच. मग थोड्या वेळाने पुन्हा, "फिरली बघ, टेड."

ऑब्रीने मला घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "नाही. आमच्या घरात फोटो नेहमी त्यानेच काढले. मी एकही काढलेला नाही. तुम्ही तिथेच बसा. हसा म्हणणार नाही. खा."

त्याने घास तोंडात घातला. खटका दाबला गेला.

तो फोटो निघाला. वर्षानुवर्षं कुणी तेल न घातल्यामुळे माझा पडदा अडखळला होता, त्यामुळे एका बाजूला काळा पट्टा आहे. उरलेल्या भागात फुगलेल्या गालाचा, ओल्या डोळ्यांचा ऑब्री पिलिंग, आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. बाईंनी तो चौकटीत बसवून टेडच्या पत्रांशेजारी ठेवला. बहीण-भावाचा फोटो मात्र जगात कुठेच नाही. तो फक्त मी पाहिला आहे, उलटा, तीनदा.

ऑब्रीचं समारंभांना जाणं सुटलं का? नाही, खोटं कशाला सांगू. पाच वाजले की त्याचे पाय वळवळायचेच. पण आता माझ्या पोटात फिल्म असायची, आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो टपालाने जायचा. त्यामुळे नाव सांगावं लागायचं, आणि दोन ठिकाणांहून त्याला हाकलूनही दिलं. डोरीन म्हणायची, "तू धंद्याची अब्रू घालवलीस." दर शनिवारी मात्र तो डॉर्किंगला जायचा, आणि तिथे तासभर बसायचा. दाराकडे न बघता.

पुढे त्याने मला बाईंना दिलं आणि बाईंनी त्यांच्या जुन्या शाळेला. आता मी तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, भिंगांच्या डबीशेजारी असतो. तुम्ही मधल्या सुट्टीत मला काढता, एकमेकांसमोर धरता आणि खटका दाबता. समोरचा लगेच हसतो. मला पुन्हा ते जुनं अस्वस्थपण येतं.

मित्रांनो, माझ्याशी खेळा, मला राग नाही. अधूनमधून माझी काच पुसा, पडद्याच्या चाकांना तेलाचा थेंब द्या. पण कुणाला हसायला सांगण्याआधी माझी पाठ उघडून आत काही आहे का ते बघा. आणि दुसऱ्याच्या हातातल्या कॅमेऱ्याची चकती फिरत नाही असं तुम्हाला दिसलं, तर गर्दी असो, समारंभ असो, त्याच्या जवळ जा आणि हळूच सांगा. खिशात फिल्म असली तर ती काढून द्या.